"परळला जाते का ही गाडी?" नवख्याला लोकलची वाट सांगण्याची रीत

दादरच्या पुलावर, सीएसएमटीच्या फलाटांसमोर, कुर्ल्याच्या जिन्याखाली दिवसभर एकच प्रश्न कानावर येतो: "दादा, परळला कुठली गाडी जाते?" उत्तरही ठरलेलं असतं. "ही काय समोर लागलीये, सुटेल, पळा!" विचारणारा पळतो. उत्तर खोटं नसतं, पण अर्धं असतं. गाडी स्लो आहे की फास्ट, समोर आलेला डबा फर्स्ट क्लासचा तर नाही ना, किती स्टेशनांनी उतरायचं, उतरल्यावर कुठल्या पुलाने कुठल्या बाजूला जायचं, यातलं काहीच त्यात नसतं. रोज लोकलने जाणाऱ्याच्या अंगात हे सगळं इतकं मुरलेलं असतं की ते सांगावं लागतं हेच ध्यानात येत नाही. नवख्याचं नेमकं तिथेच अडतं.

म्हणून वाट सांगताना काय काय सांगायचं, कुठल्या क्रमाने, आणि कुठे हमखास गोंधळ होतो, ते इथे लिहिलं आहे. सगळं मिळून सांगायला दीड-दोन मिनिटं लागतात. लोकल चार-पाच मिनिटांनी पुन्हा येते, त्यामुळे एक गाडी सुटली तरी बिघडत नाही.

सांगण्याआधी विचारा

पहिला प्रश्न: "जायचंय कुठे?" यावर स्टेशनचं नाव आलं तरी तिथेच थांबू नका. "स्टेशनवरून पुढे कुठे?" हेही विचारा. बाहेरगावच्या माणसाला कुणीतरी "मुंबई सेंट्रलला उतर" किंवा "कुर्ल्याला ये" असं फोनवर सांगितलेलं असतं आणि ते बऱ्याचदा चुकीचं असतं. शेवटचं ठिकाण कळलं की योग्य स्टेशन तुम्हीच सांगू शकता.

दवाखान्यांच्या बाबतीत तर हे विचारलंच पाहिजे. "टाटाला जायचंय" म्हणणारा प्रत्येक जण परळला निघालेला नसतो. टाटा कॅन्सर रुग्णालयाचं मोठं केंद्र खारघरलाही आहे आणि बऱ्याच रुग्णांना तिकडची तारीख दिलेली असते. दोन्ही ठिकाणं वेगवेगळ्या मार्गांवर आहेत आणि चुकून दुसरीकडे पोचलं तर अख्खा दिवस जातो. केस पेपर किंवा अपॉइंटमेंटची चिठ्ठी हातात असेल तर ती बघायला मागा. लोक आनंदाने दाखवतात.

दुसरा प्रश्न सामानाचा आणि सोबतच्या माणसांचा. म्हातारी आई, लहान मूल, दोन पेट्या, प्लास्टर घातलेला पाय, यांतलं काही असेल तर सगळ्यात वेगवान मार्ग हा चांगला मार्ग नसतो. तिसरा प्रश्न: "तिकीट काढलंय का?" आणि चौथा, जो सहसा कुणी विचारत नाही: "मोबाइल चालू आहे ना, त्यात पैसे, चार्जिंग आहे ना?" तो नसेल तर मार्ग कागदावर लिहून द्यावा.

नावांचा घोळ

मुंबईत एकाच जागेची दोन-तीन नावं एकाच वेळी वापरात असतात. तुम्ही "व्हीटी" म्हणता, आणि नवखा पाटीवर "छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस" वाचतो. मधल्या काळात ते सीएसटी होतं, २०१७ पासून सीएसएमटी आहे. एल्फिन्स्टन रोड २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, पण टॅक्सीवाले आणि जुने रहिवासी अजून एल्फिन्स्टनच म्हणतात. क्रॉफर्ड मार्केटवर महात्मा जोतिबा फुले मंडई लिहिलेलं असतं, आणि पेडर रोडच्या पाटीवर डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग. म्हणून दोन्ही नावं सांगायची: पाटीवर कुठलं दिसेल आणि लोकांना विचारताना कुठलं वापरायचं.

काही नावं सरळ फसवी आहेत. मुंबई सेंट्रल हे मध्य रेल्वेवर नाही, ते पश्चिम रेल्वेवर आहे. परळ आणि लोअर परळ ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, पहिलं मध्य रेल्वेवर, दुसरं पश्चिमेवर. माटुंगा मध्यवर, माटुंगा रोड पश्चिमेवर. लोकमान्य टिळक टर्मिनसला लोक "कुर्ला टर्मिनस" म्हणतात, पण ते कुर्ला स्टेशनला जोडलेलं नाही. हार्बरवरचं टिळक नगर स्टेशन त्याला जवळचं. वांद्रे स्टेशन आणि वांद्रे टर्मिनस यांतही अंतर आहे. टर्मिनसवरून गाडी पकडायची असेल तर खार रोडला उतरून तिथल्या नव्या पादचारी पुलाने थेट जाता येतं, वांद्रे पूर्वेच्या रिक्षांच्या गर्दीत सामान घेऊन शिरायची गरज नाही. आणि महालक्ष्मीचं देऊळ महालक्ष्मी स्टेशनला लागून नाही. चांगलं किलोमीटरभर दूर आहे, तेव्हा टॅक्सी किंवा बस लागेल हे आधीच सांगून ठेवा.

आणखी एक नवा घोळ दादरचा. डिसेंबर २०२३ मध्ये दादरच्या फलाटांचे क्रमांक बदलले. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे त्यांच्यापुढे ८ ते १४ झाले. पूर्वी दोन्हीकडे एक नंबर होता, दोन्हीकडे दोन नंबर होता, त्यामुळे लोक चुकायचे. आता क्रमांक एकाच साखळीत आहेत, पण जुने प्रवासी तोंडातल्या सवयीने जुनाच नंबर सांगतात. दादरचा फलाट सांगण्याआधी मनातल्या मनात तपासून घ्या.

मार्ग सांगा, मग गाडी

"पुढची गाडी पकडा" याच्या आधी "कुठल्या मार्गावरची" हे यायला हवं. पश्चिम मार्ग चर्चगेटपासून विरार, डहाणू रोडपर्यंत. मध्य मुख्य मार्ग सीएसएमटीहून कल्याणपर्यंत, तिथून एक फाटा कसाऱ्याला आणि एक कर्जत-खोपोलीला. हार्बर सीएसएमटीहून निघते आणि वडाळ्याला फुटते: एक शाखा कुर्ला, चेंबूर, वाशी करत पनवेलला, दुसरी माहीम, वांद्रे, अंधेरी करत गोरेगावला. ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारी ट्रान्सहार्बर वेगळी.

हार्बरवर नवख्याचा पाय वडाळ्यालाच घसरतो. सीएसएमटीला हार्बरचे फलाट दोनच, १ आणि २, आणि त्यांच्यावरून दोन्ही शाखांच्या गाड्या सुटतात. चेंबूरला जाणारा गोरेगावच्या गाडीत बसला तर वडाळ्यापर्यंत त्याला काहीच वेगळं दिसत नाही, सगळी स्टेशनं तीच. म्हणून त्याला एक वाक्य देऊन ठेवा: "वडाळ्याला कुणालाही विचारा, ही पनवेलची ना? नसेल तर तिथेच उतरा आणि मागून येणारी पकडा." वडाळ्याला उतरलात तर पाच-दहा मिनिटं जातील. न उतरता पुढे गेलात तर मात्र उलट फेरा पडतो.

इंडिकेटर वाचायला शिकवा

गाडीचा नंबर, वेळ हे पाठ करून देण्यापेक्षा इंडिकेटर, म्हणजे फलाटावरचा गाड्यांचा बोर्ड, कसा वाचायचा हे दाखवलेलं जास्त उपयोगी. मग परतीच्या प्रवासात त्याला कुणाला विचारावं लागत नाही. इंडिकेटरकडे बोट करा आणि एकेक रकाना सांगा.

शेवटच्या स्टेशनचं नाव किंवा त्याची एक-दोन अक्षरं. ते तुमचं स्टेशन असायला हवं असं नाही, तुमच्या स्टेशनच्या पुढचं कुठलंही चालतं. नवख्याला हे माहीत नसतं. मुलुंडला जाणारा माणूस "मुलुंड" लिहिलेल्या गाडीची वाट बघत उभा राहतो आणि समोरून ठाणे, डोंबिवली, कल्याण अशा गाड्या निघून जातात. "ठाण्याची, कल्याणची, कुठलीही स्लो चालेल" हे शब्द त्याला मोकळं करतात.

मग गाडीची ठरलेली वेळ. ती घड्याळाशी जुळेलच असं नाही, गाडी उशिरा असली तरी इंडिकेटरवर मूळ वेळच राहते. किती मिनिटांत येणार तो आकडा वेगळा असतो. त्याच्या शेजारी १२ किंवा १५, म्हणजे डबे. हा आकडा कामाचा आहे: पंधरा डब्यांसाठी वाढवलेल्या फलाटाच्या टोकाला उभं राहिलं आणि गाडी बारा डब्यांची आली, तर शेवटचा डबा बराच अलीकडे थांबतो आणि सामान घेऊन धावत सुटावं लागतं. फलाटाच्या मध्याकडे उभं राहिलं की ही भानगड येत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं अक्षर: "एस" म्हणजे स्लो, "एफ" म्हणजे फास्ट. स्लो सगळीकडे थांबते. फास्ट ठरावीक ठिकाणी. सीएसएमटीहून निघालेली फास्ट भायखळ्यानंतर एकदम दादरला थांबते, चिंचपोकळी, करी रोड, परळ गाळून. शीव, विद्याविहार यांनाही फास्ट थांबत नाही. पश्चिमेवर माटुंगा रोड, माहीम, खार, सांताक्रूझ यांची तीच कथा. शिवाय एखादी गाडी अर्ध्या मार्गावर फास्ट आणि पुढे स्लो असते. नवख्याला हा हिशेब शिकवत बसू नका. शंका आली तर स्लोने पाठवा. सीएसएमटी ते ठाणे स्लोने पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतील, पण स्टेशन चुकणार नाही.

मध्य रेल्वेवर एक सापळा आहे आणि तो जाणत्यांनाही पटकन आठवत नाही. तिथे ठिकाणाच्या जागी "एस" आलं तर ते कर्जत आणि "एन" आलं तर कसारा. म्हणजे एकाच ओळीत कर्जतसाठी "एस" आणि त्याच्या पलीकडे फास्टसाठी "एफ" असं दिसू शकतं. नवखा पहिला "एस" बघतो, स्लो समजतो, चढतो आणि शीवला उतरायचं असताना थेट कुर्ल्याला पोचतो. "वेळेच्या शेजारचं अक्षर बघा" एवढ्यावर सोडू नका, स्लो-फास्टचा रकाना नेमका कुठे आहे ते समोरच्या इंडिकेटरवर बोटाने दाखवा.

रविवारी हे सगळं बदलतं. मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी मार्ग बंद, असेल तर सकाळी उशिरापासून दुपारी चारच्या सुमारापर्यंत फास्ट गाड्या स्लो मार्गावरून नेतात किंवा स्लो फास्टवरून, आणि काही स्टेशनांवर एका दिशेला गाडीच थांबत नाही. ब्लॉकचे तपशील शनिवारच्या वर्तमानपत्रात आणि एम-इंडिकेटर अॅपवर येतात. रविवारी कुणाला वाट सांगताना "आज ब्लॉक कुठे आहे?" हे आधी बघा. मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली असेल तर कुर्ला-शीव पट्ट्यात पाणी भरतं, तेव्हा ज्याला थांबणं शक्य आहे त्याला थांबायला सांगणंच बरं.

डबा कुठला

रिकामा डबा दिसला की नवखा आनंदाने त्यात शिरतो. गर्दीच्या गाडीत अर्धा रिकामा डबा बहुतेक वेळा फर्स्ट क्लासचा असतो. नवख्याला आत गेल्यावर ते कळतही नाही. कळतं ते टीसी आल्यावर: भाड्याच्या फरकावर किमान २५० रुपये दंड. म्हणून सांगा: "डब्यावर तिरके पट्टे आणि फर्स्ट क्लास लिहिलेलं दिसलं तर चढू नका." फलाटावरच्या खांबांवर, भिंतींवरही डब्यांच्या जागा रंगवलेल्या असतात, त्या दाखवता आल्या तर उत्तम. एसी लोकलचं तिकीटही वेगळं असतं, साध्या तिकिटावर त्यात चढता येत नाही.

बाई एकटी किंवा लहान मुलासोबत असेल तर लेडीज डबा कुठे येतो ते सांगा, "पुढे" आणि "मागे" न म्हणता खुणेने: "त्या सरबताच्या स्टॉलसमोर उभ्या राहा." डब्यावर बाईचं चित्र असतं. बारा वर्षांखालचा मुलगा आईसोबत लेडीज डब्यात चालतो. नवरा-बायको दोघं असतील तर दोघांनी वेगवेगळ्या डब्यांत चढायचं की एकाच जनरल डब्यात, हे त्यांना आधीच ठरवायला लावा. वेगळे चढणार असतील तर कुठल्या स्टेशनवर, फलाटावर नेमकं कुठे भेटायचं तेही. गर्दीत ताटातूट होते ती इथेच. गाडी आल्यावर ठरवायला वेळ नसतो.

अपंग, गरोदर स्त्रिया आणि कर्करुग्ण यांच्यासाठी राखीव डबा असतो, त्यावर व्हीलचेअरची खूण असते. अनेक स्टेशनांवर तो जिथे थांबतो तिथे अंधांसाठी बीप-बीप आवाज देणारं यंत्रही बसवलेलं आहे. परळला उपचारांसाठी येणाऱ्या कित्येक रुग्णांना हे ठाऊकच नसतं आणि ते जनरल डब्यात दांड्याला लटकत जातात. रुग्ण दिसला तर हे आवर्जून सांगा, आणि दवाखान्याचे कागद वर, हाताशी ठेवायला सांगा.

मोठं सामान असेल तर मालडबा. आणि वेळ: सकाळी साधारण आठ ते अकरा दक्षिणेकडे, संध्याकाळी पाच ते नऊ उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांत पेट्या घेऊन चढणं जवळजवळ अशक्य. त्या वेळी माणसाला अडवून "तासभर चहा घ्या, मग जा" सांगणं हीसुद्धा मदतच. गर्दीच्या वेळी जवळ उतरणाऱ्याला लांबच्या गाडीत चढवू नका. अंधेरी, बोरिवलीला जाणाऱ्याने विरार फास्टमध्ये चढलं तर दारापाशी पोचताच येत नाही. त्याला बोरिवलीचीच गाडी दाखवा.

तिकीट, थोडक्यात

तिकीट काढलं की तासाभरात प्रवास सुरू व्हायला हवा. मोबाइलवरचं तिकीट रुळांच्या अगदी जवळ किंवा फलाटावर उभं राहून काढता येत नाही, त्यामुळे स्टेशनात शिरण्याआधीच काढायला सांगा. खिडकीवर रांग मोठी असेल तर शेजारी तिकीट यंत्रं असतात, बऱ्याच ठिकाणी तिथे मदतीला माणूसही असतो.

उतरायचं कसं

गाडी बहुतेक स्टेशनांवर वीस-तीस सेकंदच थांबते. त्यात उतरायचं असेल तर उठायचं आधीच्या स्टेशनला, दाराशी पोचायचं गाडी सुटल्या सुटल्या. नवख्याला स्टेशनांची संख्या मोजून द्या आणि आधीच्या स्टेशनचं नाव सांगा. "करी रोड आलं की उठा, पुढचं परळ." हे एक वाक्य स्टेशनांच्या लांबलचक यादीपेक्षा जास्त लक्षात राहतं.

दाराकडे सरकताना पुढच्याला विचारायचं: "परळ उतरणार?" तो "हो" म्हणाला तर त्याच्या मागे राहायचं, "नाही" म्हणाला तर जागा मागायची. मुंबईत हा प्रश्न उद्धट नाही, तीच इथली पद्धत आहे. पण बाहेरून आलेला माणूस अनोळख्याला असं विचारायला बिचकतो आणि दोन माणसांच्या मागे अडकून स्टेशन हुकतं. त्याला हे शब्द पढवून पाठवा.  फलाट कुठल्या बाजूला येईल ते कळत नसेल तर गर्दी ज्या दाराकडे वळते तिकडे वळायचं. आणि पाठीवरची सॅक पुढे, पोटावर घ्यायची, म्हणजे कुणात अडकत नाही.

बाहेर पडताना: पूर्व की पश्चिम, कुठला पूल

मुंबईतली बहुतेक उपनगरं रुळांनी दोन भागांत कापलेली आहेत. चुकीच्या बाजूला बाहेर पडलं तर पुन्हा जिना, पूल, जिना, आणि कधीकधी रिक्षाने दूरच्या उड्डाणपुलावरून वळसा. म्हणून "स्टेशनजवळच आहे" हे उत्तर अपुरं आहे. "अंधेरी पूर्व" किंवा "अंधेरी पश्चिम", हे स्टेशनच्या नावाइतकंच ठासून सांगा.

डावीकडे-उजवीकडे मात्र सांगू नका. उतरताना माणूस कुठल्या तोंडाने उभा असेल हे तुम्हाला माहीत नसतं. त्याऐवजी गाडीच्या दिशेने सांगा: "गाडी ज्या दिशेने पुढे जाईल त्या टोकाचा पूल" किंवा "चर्चगेटच्या बाजूचा पूल". मोठ्या स्टेशनांवर तीन-चार पूल असतात आणि प्रत्येकाचं दुसरं टोक वेगळ्या रस्त्यावर उतरतं. कुठला पूल हे सांगता आलं तर त्यावरून कुठल्या डब्यात चढायचं हेही ठरतं. रोजचे प्रवासी जिन्यासमोर थांबणारा डबा पकडतात तो याचसाठी.

स्टेशनबाहेरचं एक आठवणीने सांगायचं: रिक्षा उपनगरांतच मिळतात. माहीम आणि शीवच्या दक्षिणेला, म्हणजे शहरात, फक्त टॅक्सी. दादरला उतरून रिक्षा शोधणारे लोक रोज दिसतात. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला रिक्षाचे २६ रुपये आणि काळी-पिवळी टॅक्सीचे ३१ रुपये, मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत सव्वापट. हे आकडे कळले की माणूस फसत नाही. बेस्टच्या बसवर पुढे नंबर देवनागरी अंकांत असतो. देवनागरी न वाचता येणाऱ्याला तो अंक कागदावर काढून द्या, किंवा बसच्या बाजूची पाटी बघायला सांगा.

एक उत्तर पूर्ण करून पाहू

विदर्भातून रात्रभराचा प्रवास करून एक बाई सीएसएमटीला उतरल्या आहेत. सोबत वडील, हातात केस पेपर, दोन पिशव्या. "टाटा हॉस्पिटल, परळ" लिहिलंय. वडिलांना चालवत नसेल तर पहिलं आणि शेवटचं उत्तर टॅक्सी. चालवत असेल तर असं:

"ताई, तुम्हाला परळ स्टेशन हवं. लोअर परळ नाही, नुसतं परळ. खिडकीवर परळची दोन तिकिटं घ्या. एक-दोन नंबर फलाट हार्बरचे, तिकडे जाऊ नका, पलीकडे मेन लाइन. वर बोर्डवर स्लो-फास्टच्या रकान्यात 'एस' दिसेल ती कुठलीही गाडी, ठाण्याची, कल्याणची, चालेल. फास्टमध्ये बसलात तर ती परळला थांबणार नाही, दादरला जाईल. बाबांना व्हीलचेअरची खूण असलेल्या डब्यात बसवा, कागद हातात ठेवा. मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ: सहावं स्टेशन. करी रोड आलं की उठा. उतरल्यावर पूर्वेला बाहेर पडायचं, केईएम हॉस्पिटल आणि टाटा दोन्ही त्याच बाजूला. पुलावर विचारताना 'केईएमकडे कुठून?' विचारा, कुणीही सांगेल. चालत दहा-पंधरा मिनिटं."

आणि चुकून दादरला पोचल्याच तर? "तिथून उलट, सीएसएमटीकडे जाणारी स्लो. पहिलंच स्टेशन परळ."

हीच बाई पश्चिम रेल्वेने आली असती तर स्टेशन बदललं असतं: प्रभादेवी, जे परळला पुलाने जोडलेलं आहे. तिथे उतरून पादचारी पुलावरून पूर्वेला चालत यायचं. टॅक्सीने यायचं ठरवलं तर वळसा पडेल, कारण एल्फिन्स्टनचा रस्त्यावरचा जुना पूल पुनर्बांधणीसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद केला गेला.

दुसऱ्या मोठ्या दवाखान्यांचीही स्टेशनं लक्षात असू द्या: नायरला मुंबई सेंट्रल, जे.जे.ला सँडहर्स्ट रोड किंवा भायखळा, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाला शीव. खारघरच्या टाटाला हार्बरची पनवेल गाडी.

चुकल्यावर काय

वाट सांगताना चुकीची वाटही सांगून ठेवा. गाडी उलट दिशेची निघाली, स्टेशन हुकलं, तर घाबरून साखळी ओढायची नाही, सुटत्या गाडीतून उडी तर मुळीच मारायची नाही, आणि रूळ ओलांडून पलीकडे जायचं नाही. पुढच्या स्टेशनला शांतपणे उतरायचं, पुलावरून पलीकडच्या फलाटावर जायचं, इंडिकेटर बघायचा. सोबतचा माणूस गाडीतच राहिला तर राहिलेल्याने पुढच्या स्टेशनला उतरून तिथेच थांबायचं, आणि मागे राहिलेल्याने पुढची स्लो पकडून त्याच स्टेशनला जायचं. दोघांनी एकाच वेळी एकमेकांना शोधायला निघायचं नाही. अडचण मोठी असेल तर रेल्वेची मदत १३९ वर आणि रेल्वे पोलिसांची १५१२ वर.

रात्री साधारण एकनंतर पहाटे चारपर्यंत लोकल नसते. उशिरा कुणी लांबचा मार्ग विचारला तर शेवटची गाडी गेली का हे आधी बघा, नाहीतर माणूस मध्येच कुठेतरी अडकतो.

माहीत नसेल तर

"मला नक्की माहीत नाही" हे सांगायला लाजू नका. अंदाजाने "बहुतेक चार नंबर" म्हटलेलं ऐकणारा खात्रीचं समजतो, कारण तुम्ही इथले आहात. माहीत नसेल तर त्याला माहीत असलेल्या माणसाकडे पोचवा: स्टेशन मास्तरांचं ऑफिस, चौकशी खिडकी, फलाटावरचा पोलीस. फलाटावरचे स्टॉलवाले, बूट पॉलिशवाले दिवसभर तिथेच असतात, फलाट बदलल्याची घोषणा त्यांच्या कानावर सगळ्यांत आधी पडते.

सगळं सांगून झालं की त्याच्याकडून एकदा म्हणवून घ्या: "सांगा बघू, कुठली गाडी, कुठे उठायचं, कुठल्या बाजूला बाहेर?" तिघांतलं जे अडखळेल तेवढंच पुन्हा सांगा. भाषा वेगळी असेल तर तीन शब्द त्याच्या लिपीत किंवा त्याच्या मोबाइलवर लिहून द्या: स्टेशन, स्लो, पूर्व. गाडी फलाटात शिरत असेल तर बोलणं तिथेच तोडून एवढंच सांगा, "ही जाऊ द्या, मागची घ्या", आणि उरलेलं सावकाश सांगा.